मनाचा रवंथ

दुपारच्या वेळी झाडाच्या सावलीत बसलेली गाय तुम्ही पाहिली असेल. तिच्यापुढे चाऱ्याची काडीही नसते, तरी तिचे तोंड सारखे हलत असते. सकाळी घाईघाईने गिळलेला चारा ती पोटाच्या पहिल्या कप्प्यातून घासाघासाने तोंडात परत आणते, सावकाश चावते आणि पुन्हा गिळते. यालाच आपण रवंथ म्हणतो. दिवसाचे सहा ते आठ तास गाय या कामात घालवते आणि हे काम वाया जात नाही. गवतातील सेल्युलोज पचायला फार कठीण असते. ते बारीक दळले गेले, म्हणजे पोटातील सूक्ष्मजीवांना त्याचे विघटन करणे सोपे जाते. गवताचे दूध होते ते याच्याच जोरावर.

माणसाचे मनही रवंथ करते. झालेला अपमान, चुकलेले उत्तर, कोणी तरी टाकलेला तिरका शब्द मन पुन्हा पुन्हा वर आणते आणि चघळत बसते. इंग्रजीत या मनोव्यापाराला ‘रुमिनेशन’ म्हणतात. हा शब्दही ‘रवंथ करणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आलेला आहे. मात्र गाईच्या आणि मनाच्या रवंथात एक मोठा फरक आहे. गाईचा चारा शेवटी पचतो. मनाचा घास जितका चघळावा तितका कडू होत जातो. कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही.

हा रवंथ थोडाफार आपण सगळेच करतो. पण काही माणसांच्या आयुष्यात तो इतका प्रबळ होतो, की त्यांचे जगणेच अवघड होऊन बसते. असे का होते आणि त्यावर उपाय आहे काय, हे या लेखात पाहू.

अ आणि ब यांची गोष्ट

भूमितीत आपण बिंदूंना नावे देतो, तशी दोन मुलींना नावे देऊ. समजा, अ आणि ब या दोघी एकाच वर्गात आहेत. मधल्या सुट्टीत त्यांची मैत्रीण त्यांच्याकडे न पाहता पुढे निघून गेली. दोघींनाही वाईट वाटले.

अ मनात म्हणाली, “घाईत असेल. संध्याकाळी विचारीन.” आणि ती डबा खायला बसली.

ब च्या मनात मात्र चक्र सुरू झाले. “तिने मला पाहिले होते. मुद्दामच तोंड फिरवले. परवा मी काही बोलले का? माझ्याशीच सगळे असे का वागतात? मी आहेच तशी. आता ती मला कायमची सोडून जाणार.” गणिताच्या तासाला फळ्यावर काय लिहिले, हे तिला कळलेच नाही. शाळा सुटेपर्यंत तिच्या मनातील तो एक क्षण शंभर वेळा घडून गेला होता, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडा अधिक वाईट.

येथे लक्षात घ्या, घटना दोघींची एकच होती. फरक पडला तो घटनेनंतरच्या अर्ध्या तासात.

अशा चक्राला मानसशास्त्रज्ञ ‘पुनरावर्ती नकारात्मक विचार’ म्हणतात. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. भूतकाळातील गोष्ट उगाळणे, हा झाला रवंथ. पुढे काय वाईट घडेल याचे तर्क बांधत बसणे, ही झाली काळजी. दोन्हींची खूण एकच: विचार फिरतो, पण पुढे सरकत नाही. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि संध्याकाळी तेथल्या तेथेच असतो, तसे.

भूकंपाआधी भरलेली प्रश्नावली

दुःखी माणूस उगाळत बसतो, की उगाळत बसल्यामुळे दुःख वाढते? हा प्रश्न सोडवणे सोपे नाही. त्यासाठी संकट येण्यापूर्वीच माणसाच्या विचारांची सवय ठाऊक असायला हवी. आणि संकट काही सांगून येत नाही.

पण एकदा असा योग आला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सुझन नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ काम करीत होत्या. मन खिन्न झाले असता तुम्ही काय करता, अशा स्वरूपाच्या प्रश्नावल्या त्यांनी विद्यार्थ्यांकडून भरून घेतल्या होत्या. त्यानंतर सुमारे १४ दिवसांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी संध्याकाळी, कॅलिफोर्नियाचा तो भाग ६.९ प्रतीच्या लोमा प्रिएटा भूकंपाने हादरला. नोलन-होक्सेमा आणि त्यांच्या सहकारी जॅनी मॉरो यांनी त्याच विद्यार्थ्यांची भूकंपानंतर १० दिवसांनी आणि पुन्हा ७ आठवड्यांनी पाहणी केली. उगाळत बसण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. हा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे त्यांनी प्रयोगशाळेतही परीक्षा घेतली. मुळात खिन्न असलेल्या काही विद्यार्थ्यांना ८ मिनिटे स्वतःच्या भावनांवर आणि ‘मी असा का आहे’ यावर विचार करायला सांगितले. दुसऱ्या गटाला तितकाच वेळ बाहेरच्या साध्या गोष्टी डोळ्यांसमोर आणायला सांगितल्या: अटलांटिक महासागर सावकाश ओलांडणारी बोट, एखाद्या वर्गखोलीची मांडणी, इत्यादी. पहिल्या गटाची खिन्नता वाढली, दुसऱ्याची कमी झाली. जे विद्यार्थी मुळात खिन्न नव्हते, त्यांच्यावर मात्र स्वतःविषयी विचार करण्याचा असा वाईट परिणाम दिसला नाही. म्हणजे आत्मपरीक्षण ही काही वाईट गोष्ट नव्हे. मन आधीच घसरणीला लागलेले असताना ‘का, का’ करीत बसणे घातक ठरते. इतकेच नव्हे, तर अशा वेळी माणसाला आपल्या अडचणींवर उपायही नीट सुचत नाहीत, हे १९९५ च्या एका अभ्यासात दिसून आले. ‘मी विचार करून प्रश्न सोडवतो आहे’ असे ज्याला वाटते, तोच उत्तरापासून दूर जात असतो!

नाव ‘सीमा’, पण सीमा कसली?

आता त्या माणसांकडे वळू, ज्यांच्या बाबतीत हा रवंथ फार मोठे रूप घेतो. ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ नावाचा एक मनोविकार आहे. मराठीत त्याला सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार म्हणता येईल. हे नाव थोडे फसवे आहे. १९३८ मध्ये न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक ॲडॉल्फ स्टर्न यांनी अशा रुग्णांचे वर्णन केले. हे रुग्ण सौम्य आणि तीव्र अशा दोन प्रकारच्या मनोविकारांच्या सीमेवर आहेत, असा त्या काळचा समज होता. समज बदलला, नाव मात्र राहिले. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले.

त्या पुस्तिकेत याची ९ लक्षणे दिली आहेत. जवळचे माणूस सोडून जाईल अशी पराकोटीची भीती, आज देवासारखे वाटणारे माणूस उद्या शत्रू वाटणे, ‘मी कोण’ याची स्थिर कल्पना नसणे, मागचापुढचा विचार न करता काही तरी करून बसणे, स्वतःला इजा करणे किंवा तशा धमक्या देणे, तासातासाला बदलणाऱ्या भावना, आत पोकळ असल्याची जाणीव, अनावर राग, आणि ताणाच्या वेळी संशय येणे किंवा भान हरपल्यासारखे होणे. यांपैकी किमान ५ लक्षणे दीर्घकाळ दिसली, तर तज्ज्ञ हे निदान करतात.

येथे तुमच्या गणिताचा उपयोग होतो. ९ पैकी ५ लक्षणे निवडण्याचे १२६ प्रकार होतात, ६ निवडण्याचे ८४, ७ चे ३६, ८ चे ९ आणि सर्व ९ असण्याचा १. बेरीज करा: २५६. म्हणजे हे एकच निदान झालेले रुग्ण २५६ निरनिराळ्या प्रकारचे असू शकतात! म्हणूनच एखाद्या रुग्णावरून सगळ्यांविषयी मत बनवणे चुकीचे आहे. आणि म्हणूनच ही यादी वाचून स्वतःला किंवा वर्गमित्राला हे नाव चिकटवणे, हेही तितकेच चुकीचे आहे. तुमच्या वयात भावनांची भरती-ओहोटी स्वाभाविकच असते. निदान करणे हे मनोविकारतज्ज्ञाचे काम आहे.

हा विकार कशाने होतो? एका कारणाने नव्हे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून दिसते, की आनुवंशिकतेचा त्यात बराच वाटा आहे. काही मुले जन्मतःच अधिक हळवी असतात: त्यांच्या भावना लवकर पेटतात, उंच जातात आणि सावकाश निवतात. अशा मुलाला “रडण्यासारखे काय झाले? नाटके पुरेत!” हेच सारखे ऐकावे लागले, किंवा त्याच्या वाट्याला मारहाण वा हेळसांड आली, तर भावना हाताळायला ते शिकतच नाही. मात्र प्रत्येक रुग्णाचे बालपण वाईटच होते असे नाही, तेव्हा सरसकट आईवडिलांना दोष देणेही योग्य नाही.

कर्ण्याची शिट्टी

वरच्या ९ लक्षणांत रवंथाचे नाव नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. मग त्याचा येथे संबंध काय?

शाळेच्या स्नेहसंमेलनात माईक कर्ण्याच्या समोर आला, की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. कारण काय? माईकमध्ये शिरलेला बारीकसा आवाज वर्धकातून मोठा होऊन कर्ण्यातून बाहेर पडतो. तोच आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो, पुन्हा बाहेर पडतो. क्षणार्धात कुजबुजीचा कल्लोळ होतो. यंत्रशास्त्रात याला धन फीडबॅक म्हणतात. परिणामच कारणाला बळ देतो.

एडवर्ड सेल्बी, थॉमस जॉइनर आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ च्या सुमारास असा विचार मांडला, की या रुग्णांच्या मनात असेच काहीसे घडत असावे. एखाद्या लहानशा घटनेने वाईट वाटते. वाईट वाटले, की मन त्या घटनेचा रवंथ करू लागते. रवंथाने भावना तीव्र होते. तीव्र भावना लक्ष दुसरीकडे जाऊच देत नाही, म्हणून रवंथ आणखी जोरात चालतो. या चढत्या साखळीला त्यांनी ‘भावनांचा धबधबा’ अशा अर्थाचे नाव दिले. शेवटी यातना इतक्या असह्य होतात, की त्या थांबवण्यासाठी माणूस काहीही करतो: आरडाओरडा, मोडतोड, व्यसन, स्वतःला इजा. त्या धक्क्याने लक्ष क्षणभर वळते आणि शिट्टी थांबते. पण थोड्याच वेळात शरम येते, आणि मनाला रवंथासाठी नवा चारा मिळतो.

या विचाराने एक मोठा गैरसमज दूर व्हायला मदत होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, ‘एवढ्याशा गोष्टीवरून एवढा आकांत? हे तर ढोंग!’ पण पाहणाऱ्याला दिसते ती पहिली कुजबुज आणि शेवटचा कल्लोळ. मधल्या फेऱ्या त्याला दिसत नाहीत. ते दुःख खोटे नसते. ते खरोखरच तेवढे मोठे झालेले असते.

हा रवंथ नेहमी खिन्नतेचाच असतो असे नाही. रुथ बेअर आणि शॅनन सॉअर यांच्या २०११ मधील अभ्यासात या विकाराच्या लक्षणांचा रागाच्या रवंथाशी विशेष संबंध आढळला. ‘तिने असे केलेच कसे’ हे वाक्य मनात फिरत राहणे, हा त्याचा नमुना.

“विचार करू नकोस” हे का चालत नाही?

अशा माणसाला आपण सर्रास सांगतो, “सोड रे, विचारच करू नकोस.” हा सल्ला किती उपयोगी आहे, ते स्वतःच पडताळून पाहा. कागद-पेन्सिल घ्या, घड्याळ लावा आणि ५ मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार अजिबात करू नका. अस्वल मनात आले, की कागदावर एक रेघ ओढा.

किती रेघा झाल्या? १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी हाच प्रयोग केला. त्यांनी रेघेऐवजी घंटी वाजवायला सांगितले होते. घंटी वाजतच राहिली! शिवाय नंतर ‘आता खुशाल अस्वलाचा विचार करा’ असे सांगितल्यावर, आधी विचार दाबणाऱ्यांच्या मनात तो इतरांपेक्षा अधिक वेळा आला. याचे कारण वेग्नर यांनी असे दिले: अस्वल मनात नाही ना, हे तपासण्यासाठी मनाला आधी अस्वलच आठवावे लागते. मग अपमान, भीती किंवा राग दाबायला सांगून काय होणार? पाण्यात दाबलेला चेंडू हात सुटताच उसळतो, तसे होते.

मार्ग सापडला तो कोणाला?

१९६१ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्डच्या एका मनोरुग्णालयात १७ वर्षांची एक मुलगी दाखल झाली. ती स्वतःला इजा करीत असे. दोन वर्षांहून अधिक काळ ती तेथे होती. त्या काळच्या उपचारांनी तिला फारसा गुण आला नाही. पुढे ती शिकली आणि वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्राची प्राध्यापक झाली. तिचे नाव मार्शा लिनेहान. त्यांनी या विकारासाठी जी उपचारपद्धती तयार केली, तिला डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे द्वंद्वात्मक वर्तनोपचार, असे नाव आहे. १९९१ मध्ये तिच्या पहिल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभर हा उपचार घेतलेल्या स्त्रियांमध्ये स्वतःला इजा करण्याचे प्रकार नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी झाले आणि रुग्णालयात राहण्याचे दिवसही घटले. आपण स्वतः त्या वाटेने गेलो आहोत, हे लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले.

नावातील द्वंद्व कोणते? एक: ‘तू आज जशी आहेस, तशी मला मान्य आहेस.’ दोन: ‘तुला बदलावे लागेल.’ ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत, हे धरून हा उपचार चालतो. रुग्ण दर आठवड्याला उपचारकाला भेटतो, आणि एका गटात बसून शाळेतल्यासारखी कौशल्ये शिकतो. त्यांतील पहिले कौशल्य म्हणजे सावधानता. विचार आला तर त्याला हाकलायचे नाही आणि त्याच्यामागे धावायचेही नाही. ‘हा एक विचार आला’ एवढीच नोंद घ्यायची. हे लिनेहान यांनी झेन साधनेतून घेतले. गंमत अशी, की ‘झेन’ हा शब्द मूळचा आपलाच ‘ध्यान’. चीनमार्गे जपानला जाऊन त्याचे हे रूप झाले.

रवंथ आणि सावधानता यांत फरक खरेच पडतो काय? सॉअर आणि बेअर यांनी हा विकार असलेल्या व्यक्तींना आधी राग येईल अशी आठवण जागवायला लावली. मग काहींना त्यावर रवंथ करायला आणि काहींना सावधपणे स्वतःकडे पाहायला सांगितले. सावधपणे पाहणाऱ्यांचा राग कमी राहिला आणि त्यानंतर दिलेल्या त्रासदायक कामावर ते अधिक वेळ टिकले.

या विकारावर खास असे औषध नाही. सोबत नैराश्यासारखा दुसरा आजार असेल, तर डॉक्टर त्यासाठी औषधे देतात. पण म्हणून निराश होण्याचे कारण नाही. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झॅनारिनी यांनी १९९२ पासून २९० रुग्णांचा पाठपुरावा केला. १० वर्षांच्या काळात त्यांपैकी ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान २ वर्षे तरी निदानाच्या मर्यादेखाली राहिली. कामधंदा आणि नातीगोती यांसह पूर्ण सावरणे मात्र सुमारे निम्म्यांनाच साधले. ‘व्यक्तिमत्त्वच बिघडले, आता काय होणार’ असे मानणाऱ्यांनी पहिला आकडा लक्षात ठेवावा, आणि ‘लक्षणे गेली, आता काय हवे’ म्हणणाऱ्यांनी दुसरा.

आपल्यालाही उपयोगी

विकार असो वा नसो, मनाचा रवंथ सुरू झाला तर पुढील गोष्टी करून पाहा.

१. त्याला नाव द्या. “माझे मन रवंथ करते आहे” असे स्वतःशी म्हणा. गाय दिसली, म्हणजे तुम्ही तिच्यापासून थोडे दूर उभे आहात.

२. ‘का’ ऐवजी ‘कसे’ विचारा. एक्सेटर विद्यापीठातील एडवर्ड वॉटकिन्स यांच्या संशोधनाचे सार असे, की ‘माझ्याच बाबतीत असे का?’ हा प्रश्न मनाला फिरवत ठेवतो. ‘नेमके काय घडले, कसे घडले, आता पुढचे पाऊल कोणते?’ हा प्रश्न त्याला चालते करतो.

३. काळजीला वेळ नेमून द्या. थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही युक्ती मांडली. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास काळजी करायची. एरवी काळजी आली, तर तिला ‘संध्याकाळी साडेपाचला ये’ म्हणून हातातल्या कामाकडे वळायचे. हे विचार दाबणे नव्हे, पुढे ढकलणे आहे. झोपायच्या वेळी मात्र ही बैठक ठेवू नका.

४. भावना अगदी उसळली असेल, तर आधी शरीर शांत करा. थंड पाण्यात भिजवलेला रुमाल कपाळ आणि गालांवर धरून थोडा वेळ श्वास रोखला, तर अनेकांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. पाण्यात बुडी मारणाऱ्या सील माशासारख्या सस्तन प्राण्यांत हीच प्रतिक्षिप्त क्रिया फार प्रबळ असते. आधी आणि नंतर स्वतःची नाडी मोजून पाहा. हृदयाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हा प्रयोग करू नये.

आणि तुमची ब सारखी एखादी मैत्रीण किंवा मित्र असेल तर? “एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलीस!” असे म्हणू नका. “तुला फार वाईट वाटते आहे, हे मला दिसते आहे. चल, जरा मैदानावर फिरून येऊ” असे म्हणा. पहिले वाक्य तिचे दुःख मान्य करते, आणि दुसरे तिला चक्राबाहेर पाऊल टाकायला मदत करते. तिच्याबरोबर बसून तीच हकीगत तासनतास उगाळणे मात्र टाळा. दोघींनी मिळून केलेला रवंथही रवंथच असतो. शिक्षकांनीही वर्गात भडकलेल्या मुलाला सगळ्यांसमोर ‘नाटकी’ म्हणण्याऐवजी दहा मिनिटे बाहेर, शांत जागी बसू द्यावे आणि नंतर एकट्याशी बोलावे.

कोणी स्वतःला इजा करण्याविषयी किंवा जगणे नकोसे झाल्याविषयी बोलले, तर ते गुपित म्हणून ठेवू नका, मग तुम्ही कोणतेही वचन दिलेले असो. त्याच दिवशी घरच्या किंवा शाळेतल्या विश्वासू मोठ्या माणसाला सांगा. भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती रात्रंदिवस विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक तुमच्या वर्गाच्या सूचनाफलकावर लिहून ठेवा.